पाहुण्यांसाठी थोडक्यात लाटव्हिया

इल्गवार्स स्कुद्रा सरांनी यंदाच्या ऑगस्टात पाव आणायला शेजारच्या गावी जायला सुरुवात केली. ओशमालेतल्या बेकरीचा राईचा पाव बिघडला होता, असं मुळीच नाही. पण तिथल्या बाई अलीकडे पाव कागदात गुंडाळताना सरांकडे बघून हसायच्या, आणि आमच्या ओशमालेत कारण नसताना कोणी हसलं की समजावं, आपलं काहीतरी जगजाहीर झालंय. सरांचं झालं होतं. रंगीत, गुळगुळीत कागदावर, तीन भाषांत, खाली पूर्ण नाव आणि मागे फोटो.

सुरुवात अगदी सोज्वळ होती. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता तेव्हा गावच्या कचेरीतली सानिता सरांच्या दारात आली. कचेरीत सानिताकडे पर्यटनाचं टेबल आहे. ओशमालेत पर्यटक फारसे येत नाहीत, पण टेबल आहे.

"सर, परदेशी पाहुण्यांसाठी एक घडीपत्रक काढायचंय," ती म्हणाली. "आपल्या देशाची सर्वसाधारण ओळख. जर्मन आणि इंग्रजीत करून घेऊ आम्ही. पण मुळात लिहायला तुमच्याशिवाय आहे कोण?"

निवृत्त भूगोल मास्तरला 'तुमच्याशिवाय आहे कोण' असं कधी म्हणू नये. सरांनी बटाट्याची लावणी अर्धवट टाकली, जुने नकाशे माळ्यावरून उतरवले आणि स्वयंपाकघरातलं टेबल अडवून बसले. सानिताला दोन पानं हवी होती. पहिला आठवडा संपला तेव्हा सरांची बारा पानं झाली होती आणि देश अजून बर्फाखालीच होता. हिमयुग घाईघाईत उरकणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'लाटव्हिया म्हणजे लिथुआनिया नव्हे.' या वाक्यामागे सबंध आयुष्याची जखम होती. परदेशात कुठेही गेलं तरी लोक आम्हाला शेजाऱ्यांच्या राजधानीबद्दल विचारतात. सरांची बायको बिरुता ते वाचून म्हणाली, "पाहुणा दारात उभा, आणि तू त्याला सांगतोस, आम्ही शेजारचे नाही. आधी आत तर घे त्याला."

बिरुता गावातल्या औषधाच्या दुकानात काम करते आणि तिच्या पोटात काही राहत नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर पत्रकाची बातमीही घरोघर गेली, आणि मग सल्ले यायला लागले. एरवी आमच्याकडे माणूस शेजाऱ्याला नमस्कार करण्याआधी दोनदा विचार करतो. पण देशाबद्दल काही छापलं जाणार म्हटल्यावर सगळ्यांना कंठ फुटला.

कुंपणापलीकडे टालिवाल्डिस राहतो. तो आगीच्या बंबावरून निवृत्त झाला आहे. बियाण्यांच्या पुड्यांवरच्या सूचना सोडल्या तर त्याने छापील काही वाचल्याचं कुणाला आठवत नाही. तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "समुद्र थंड आहे असं लिहिलंयस म्हणे?"

"आहेच ना थंड."

"आहे. पण लिहायचं कशाला? पाण्यात पाय घातला की कळेलच की त्यांना."

समुद्राचं तापमान गेलं. पुढे गाइझिन्कल्न्सची पाळी आली. गाइझिन्कल्न्स हे आमच्या देशातलं सगळ्यात उंच ठिकाण. सरांनी त्याला 'पर्वत' म्हटलं होतं. टालिवाल्डिस म्हणाला, "पर्वत नको म्हणूस. एखादा ऑस्ट्रियाचा माणूस यायचा, आणि पर्वत शोधत शोधत पलीकडे उतरून जायचा." सरांनी 'टेकडी' केलं, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पाद्रीसाहेबांना चर्च हवं होतं, पण त्यावरचं करकोच्याचं घरटं नको होतं. बिरुताला आमच्या नाताळच्या पदार्थातले 'करडे वाटाणे' हे शब्द नको होते. "करडे म्हटल्यावर कोण तोंडात घालील?" असं तिचं म्हणणं. "त्यांचा रंगच करडा आहे, त्याला मी काय करू?" असं सरांचं. सानिताने 'आमचे लोक कमी बोलतात' हे वाक्य काढून तिथे 'आमचे लोक शांतपणे ऐकून घेतात' असं घातलं. जूनमध्ये यानीच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या, सणाला शेकोटीभोवती बिअर आणि जिऱ्याचं चीज चालू असताना उरलेल्या गावाने उरलेला मजकूर कापला. कुणाला हिवाळ्याचा अंधार नको होता, कुणाला डास नको होते, कुणाला लोकसंख्या नको होती, कारण ती दर वर्षी बदलते आणि ज्या बाजूला बदलते ते सांगण्यासारखं नाही.

शेवटी शिल्लक राहिलं ते असं: 'लाटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा, हिरवा देश आहे. इथे जंगल आहे, नद्या आहेत व किनारा आहे. लोक ऐकून घेतात.' सरांनी ते सानिताकडे नेऊन दिलं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि नरमाईने म्हणाली, "सर, राग मानू नका. पण यात जीव नाही. वाचून झाल्यावर काय वाचलं तेच आठवत नाही. एखादी तुमची, आपल्या मातीतली गोष्ट घाला ना."

ही सानिता शाळेत असताना नकाशात नदी उलटी वाहवायची. तिच्या तोंडून हे ऐकून सरांच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. ते घरी आले, बागेतल्या बाकावर बसले आणि एका दमात एक परिच्छेद लिहून मोकळे झाले. त्या परिच्छेदाने पुढचा सगळा घात केला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे माणूस घर दाखवील, पगार सांगेल, फार आग्रह केला तर पोटाच्या शस्त्रक्रियेची खूणही दाखवील. अळंब्यांची जागा मात्र सांगणार नाही. जंगलात पिवळी अळंबी, ज्यांना आम्ही गाइलेने म्हणतो, कुठे उगवतात हे ज्याचं त्याने शोधायचं आणि ज्याचं त्याने पोटात ठेवायचं. कुणी विचारलंच की कुठून आणलीस, तर 'जंगलातून' एवढंच उत्तर द्यायचं. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. माणसं मरायला टेकली की मुलांना जवळ बोलावून जागा सांगतात, आणि काही तशीच जातात.

सरांच्या सासूबाई झेल्मा या बाबतीत गावात नावाजलेल्या. त्या टोपली घेऊन कुठल्या दिशेला जातात एवढं सगळ्यांना माहीत होतं, पण पुढे काय होतं ते कुणालाच नाही. चिकाटीने पाठलाग करणाऱ्यांना त्या दलदलीतून फिरवून आणत. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा पार गेला. एका दुपारी बिरुता दुकानात असताना त्यांनी जावयाला गाडी काढायला सांगितली आणि वाटेत एक शब्द न बोलता त्याला जागेवर नेलं. शेवाळ अलगद उचलायचं, अळंबं देठाशी कापायचं आणि शेवाळ परत होतं तसं पांघरायचं, हे त्यांनी स्वतः बसून दाखवलं. परतताना म्हणाल्या, "बिरुताला सांगितलं नाही मी. ती माझीच पोर आहे, मला ठाऊक आहे ती. तुम्ही गप्प बसणारे आहात."

जावई होऊन इतकी वर्षं झाली, पण आपण या घरातले झालो असं सरांना वाटलं ते त्या दुपारी. त्या आनंदात ते घरी येऊन लाकडं फोडत बसले होते, गरज नसताना.

आणि त्याच माणसाने लिहिलं: 'आमचं खरं सोनं जंगलात उगवतं. डेअरीमागची मातीची वाट संपली की उत्तरेला वळावं. वाळूची जुनी खाण उजव्या हाताला ठेवून, एकाच बुंध्यातून फुटलेल्या दोन बर्च झाडांपर्यंत जावं. त्यांच्या पलीकडच्या उतारावर, शेवाळाखाली, माझ्या पत्नीच्या घराण्याने तीन पिढ्या पिवळी अळंबी वेचली आहेत.'

सर मूर्ख नव्हते. त्यांनी विचार केला होता, आणि हीच खरी शरमेची गोष्ट आहे. पत्रक परदेशी लोकांसाठी होतं. परदेशी माणूस जंगलातल्या अळंब्याला घाबरतो, त्याला ती प्लास्टिकच्या डबीत लागतात. आणि आपल्या भाषेत ते छापलं जाणारच नव्हतं. राहता राहिला खाणीचा आणि बर्चांचा तपशील. तर जन्मभर ज्याने पोरांना 'कुठे ते नीट सांग' म्हणून ओरडून बसवलं, त्याच्या हातून 'जंगलात कुठेतरी' असं लिहून होईना. शिवाय लिहिताना त्यांना फार बरं वाटत होतं. एवढ्या महिन्यांत ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यावर कुणाचा सल्ला घेतला नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी टालिवाल्डिस कुंपणाशी आला. त्याच्या हातात रंगीत पत्रक होतं आणि चेहऱ्यावर माया.

"छान लिहिलंयस रे," तो म्हणाला. "भाषा किती सोपी. शेवटचा भाग तर मी दोनदा वाचला."

सरांनी पत्रक हातात घेतलं. ते आमच्या भाषेत होतं. "हे कुठून आलं?"

"पेटीत आलं. सगळ्यांच्या पेटीत आलंय." टालिवाल्डिसने आभाळाकडे पाहिलं. "उद्या पाऊस नाही ना?"

सरांनी सानिताला फोन केला. ती आनंदात होती. छपाईला वरून पैसा मिळाला होता, आणि स्थानिक नागरिकांनाही आपल्या देशाची ओळख व्हावी अशी त्याला अट होती. "घरटी एक प्रत दिली, सर. लोक किती आवडीने वाचतायत. असं आधी कधी झालं नव्हतं."

घरटी एक, म्हणजे सासूबाईंच्याही पेटीत एक. सर चपला घालायचे विसरले, घरातल्या सपाता पायात तशाच घेऊन दोन गल्ल्या ओलांडून धावत गेले. झेल्माबाईंची लोखंडी टपालपेटी फाटकावर असते आणि तिची किल्ली त्यांच्या कमरेला. सरांनी फटीतून हात घातला. बोटांना गुळगुळीत कागद लागला, तो त्यांनी ओढूनही घेतला, पण हात परत यायच्या वेळी घड्याळ आत अडकलं. हात ओढला तर घड्याळ येईना, आत ढकलला तर कोपर अडके. पलीकडच्या घरातलं कुत्रं येऊन समोर बसलं आणि भुंकलंसुद्धा नाही, नुसतं बघत राहिलं. सर त्याच्याशीही नजर मिळवू शकले नाहीत.

खिडकी उघडली. "पेटीत काय शोधताय?" झेल्माबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. बिजागर बघत होतो. जरा ढिलं वाटलं."

"ढिलं आहे होय? थांबा, पेचकस देते."

त्या पेचकस आणेपर्यंत सरांनी हिसका देऊन हात सोडवला, आणि मग उन्हात उभं राहून धडधाकट बिजागर दुरुस्त करत बसले. पत्रक सदऱ्याच्या आत पोटाला चिकटलं होतं आणि वाकलं की कुरकुरत होतं. बिजागराचा एक स्क्रू तुटला, मग दुसरा. शेवटी पेटीचं झाकण सरांच्या हातात आलं. झेल्माबाई खिडकीतून शांतपणे बघत होत्या.

"वाचण्यासारखं काही आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. जाहिराती."

त्या खोट्याची सरांना सगळ्यात जास्त लाज वाटली, आणि अजूनही वाटते. जागा फोडली ती मूर्खपणाने म्हणता येईल, पण हे त्यांनी पूर्ण शुद्धीत केलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सर टोपली घेऊन जंगलात गेले. आपण आधी पोहोचू, असतील नसतील तेवढी अळंबी काढून सासूबाईंच्या ओसरीवर नेऊन ठेवू, मग पाय धरू, असा बेत होता. डेअरीपाशी त्यांना पहिली गाडी दिसली. ती झुडपात अशी लावली होती की जणू झुडूपच गाडीवर येऊन पडलंय. थोडं पुढे दुसरी. मग तिसरी. वाट संपली तिथे पाद्रीसाहेबांची सायकल झाडाला टेकलेली होती.

सगळं गाव जंगलात होतं आणि कुणीही आलं नव्हतं. म्हणजे असं, की जो दिसे तो दुसऱ्याला न बघता झाडामागे सरके. बेकरीवाल्या बाई बुंध्याची साल निरखत होत्या. पाद्रीसाहेब हातात सुरी घेऊन पक्षी बघत होते. टालिवाल्डिस एका बारीक झाडामागे उभा होता, आणि तो दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला होता.

"फिरायला आलो होतो," तो म्हणाला.

"बादली घेऊन?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, वजन घेऊन चालत जा."

सानितासुद्धा होती. ती सरांना बघून लाल झाली आणि म्हणाली, "सर, मी फक्त खात्री करून घेत होते, दिशा बरोबर छापल्यात का." दिशा बरोबर छापल्या होत्या. सरांच्या दिशा कधी चुकत नाहीत.

एवढ्यात एक जर्मन जोडपं जर्मन पत्रक हातात घेऊन वाटेने आलं. ते अळंब्यांच्या वाटेला गेले नाहीत, सरांचं तेवढं म्हणणं खरं ठरलं. पण मागच्या फोटोवरून त्यांनी सरांना ओळखलं. जंगलात इतकी माणसं टोपल्या घेऊन गुपचूप उभी आहेत हे पाहून बाई भारावून गेल्या होत्या. आज काही सण आहे का, असं त्यांनी विचारलं. "हो," ते म्हणाले. मग त्या जोडप्याने सरांना जोडबर्चांपुढे मध्ये उभं करून फोटो काढला. मागे गाव झाडाझाडांत पळत होतं.

फोटो झाल्यावर सरांनी उताराकडे बघितलं. शेवाळ उपटून उलटं टाकलेलं होतं, सगळीकडे काळी माती दिसत होती. कुणीतरी दाताळं आणलं होतं. अळंब्यांवर दाताळं चालवायचं हे आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट. सरांना आठवलं, सासूबाईंनी दुखऱ्या गुडघ्यावर बसून हेच शेवाळ पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं परत घातलं होतं. ते खाली बसून उपटलेले तुकडे जागच्या जागी लावू लागले. पण ते बसेनात. लोक झाडांमागून बघत होते, आणि सरांना वाटलं, आपल्यालाही कुणीतरी असंच मातीखाली झाकून टाकलं तर बरं.

ते घरी आले तेव्हा बिरुता पत्रक पुढ्यात घेऊन बसली होती.

"आईने मला सांगितलं नाही," ती एकेक शब्द तोडत म्हणाली. "तुला सांगितलं. आणि तू जर्मनांना सांगितलंस."

"बिरुता, मला वाटलं होतं..."

"माझ्या पोटात काही राहत नाही म्हणतात सगळे. मी निदान छापत तरी नाही. आता आईला तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो," सर म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं नाही. रोज सकाळी ते ठरवत आणि रोज दुपारपर्यंत त्यांना काहीतरी काम निघे. तुटलेली टपालपेटी तशीच लटकत होती. तिच्यावरून जावं लागू नये म्हणून ते मागच्या गल्लीने जात. असं करता करता झेल्मा नावाचा दिवस उजाडला.

आमच्या पंचांगात प्रत्येक दिवसाला नावं असतात, आणि ज्याचं नाव आलं त्याच्या घरी त्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही, तरी सगळे येतात. झेल्माबाई काळा पोशाख करून खुर्चीत बसल्या होत्या. पहिल्या आल्या बेकरीवाल्या बाई. त्यांनी फुलं दिली आणि बरणी पुढे केली. बरणीत पिवळी अळंबी होती, व्हिनेगरमध्ये घातलेली.

"वा," झेल्माबाई म्हणाल्या. "कुठली?"

"जंगलातली."

मग पाद्रीसाहेब आले, त्यांच्याकडे वाळवलेल्या अळंब्यांची माळ. मग सानिता, साईत शिजवलेल्या अळंब्यांचं पातेलं घेऊन. टालिवाल्डिसने तर बादलीच आणली. वर्षाच्या या दिवसांत दुसरं न्यायचं तरी काय, आणि ज्याला मिळाली तो देणारच. झेल्माबाईंनी प्रत्येकाला 'कुठली' विचारलं आणि प्रत्येकाने 'जंगलातली' सांगितलं. टेबल पिवळं झालं. सर दाराच्या कडेला हातात रिकामी बशी घेऊन उभे होते. त्यांना कुणी वाढत नव्हतं, आणि त्यांनीही मागितलं नाही.

बिअर दोनदा फिरल्यावर टालिवाल्डिसचं काळीज फुटलं. "झेल्माकाकू," तो म्हणाला, "माझ्याच्याने गप्प बसवत नाही. बर्चांपलीकडची ती जागा तुमची. आम्ही तिचा पार चिखल केला. पण छापून आल्यावर माणूस किती धीर धरणार?"

झेल्माबाईंनी ओठ पुसले, पिशवीतून घडी घातलेलं पत्रक काढलं आणि टेबलावर ठेवलं. ते पाद्रीसाहेबांनीच त्यांना पत्रक आलं त्या पहिल्याच रविवारी दिलं होतं. सरांनी बशी छातीशी धरली.

"ती होय," झेल्माबाई म्हणाल्या. "ती कसली माझी जागा? ती मी जावयाला दाखवली होती, तेवढंच त्यांना चालणं होईल म्हणून. माझी जागा वेगळीच आहे."

घर हसण्याने भरलं. "अरे इल्गवार्स," टालिवाल्डिस डोळे पुसत म्हणाला, "गावाला नकाशा शिकवलास आणि सासूने तुलाच भलतीकडे धाडलं." पाद्रीसाहेबही हसले. बिरुता तर सगळ्यांत जास्त हसली, तिचा जीव भांड्यात पडला होता. सरांचाही पडला. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा भूक लागली आणि त्यांनी सगळ्या बरण्यांतलं थोडं थोडं खाल्लं.

पण दुसऱ्या दिवशी तो सुटकेचा आनंद ओसरला आणि खाली राग निघाला. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही बाईंनी आपल्यावर विश्वास टाकला नव्हता. शेवाळ काय पांघरून दाखवलं, 'तुम्ही गप्प बसणारे' काय म्हटलं, आणि सगळं नाटक. गावाने आपल्याला हसावं म्हणून. सर दुखावले. ज्याची चूक असते त्याला दुखावून घ्यायची संधी मिळाली की तो सोडत नाही. त्यांनी सासूबाईंकडे जाणं बंद केलं, निरोप बिरुतामार्फत पाठवू लागले, आणि जेवताना 'काही लोक' असा उल्लेख करू लागले. बिरुता म्हणाली, "तुला लाज वाटायला पाहिजे." सर म्हणाले, "ती मला वाटून झाली. आता दुसऱ्यांची पाळी."

त्या शनिवारी ते नेहमीसारखे शेजारच्या गावी पावाला गेले. शनिवारी तिथे बाजार असतो. पाव घेऊन ते मासळीच्या फळ्यांमागून निघाले होते, तेव्हा अळंबी विकणाऱ्या बाईपुढच्या रांगेत त्यांना ओळखीचा करडा रुमाल दिसला.

झेल्माबाई काठीवर रेलून उभ्या होत्या. ओशमालेहून इथवर बस येते, पण बसचा थांबा बाजारापासून लांब आहे, आणि त्या गुडघ्याने त्या एवढं चालत आल्या होत्या. त्यांच्या हातात जंगलात न्यायची टोपली होती. विकतची अळंबी त्यांनी जन्मात घरात येऊ दिली नव्हती. त्यांची पाळी आली तेव्हा विकणारी बाई चाळणीत अळंबी झटकून साफ करायला लागली.

"साफ नका करू," झेल्माबाई हळूच म्हणाल्या. "पाईनच्या काड्या असू देत. थोडं शेवाळ पण घाला वर."

"शेवाळ कशाला, आजी?"

"घरी मुलगी आहे. तिला वाटतं, मी वेचून आणते."

सर मासळीच्या फळीमागे उभे राहिले आणि त्यांना सगळं कळलं. दुसरी जागा नव्हतीच. होती ती तीच, तीन पिढ्यांची, आणि ती त्यांनी गावाच्या दाताळ्याखाली घातली होती. म्हातारीने भर घरात, सगळ्यांदेखत ती नाकारली, ती जावयाची मान वर राहावी म्हणून. आणि आता खोटं निभावून नेण्यासाठी ती बसने फिरत होती, आणि तो जावई आठवडाभर रुसून बसला होता. सरांना इतकी शरम वाटली की हातातला पाव त्यांनी केव्हा दाबून चपटा केला ते त्यांना कळलंच नाही. पळून जावं असं त्यांच्या मनात आलं. पण टोपली भरली होती, आणि काठीच्या हाताने ती उचलता येणार नव्हती.

ते पुढे गेले. "आई."

झेल्माबाई दचकल्या नाहीत. त्यांनी जावयाकडे पाहिलं, मग पावाकडे. "आपल्याकडचा पाव बरा आहे यापेक्षा," त्या म्हणाल्या.

"आई, मी त्या दिवशी पेटीतून..."

"टोपली धरा. जड आहे."

सरांनी टोपली घेतली. विकणाऱ्या बाईने सुटे पैसे परत देत कौतुकाने विचारलं, "मुलगा का, आजी?"

"जावई."

"मग पुढच्या शनिवारी यांनाच पाठवा की. कशाला तुम्ही या पायाने एवढं यायचं? मी कुठे बसते ते सांगून ठेवा त्यांना."

झेल्माबाईंनी सरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"यांना नको सांगायला," त्या म्हणाल्या. "छापतील."

विकणारी बाई काही न समजता हसली. सरांनीही हसायचा प्रयत्न केला, पण चेहरा ऐकेना. बाजारातली फरशी मासळीच्या पाण्याने ओली होती, म्हणून झेल्माबाईंनी त्यांचा दंड धरला, आणि गाडीपर्यंत तो सोडला नाही. सर दुसऱ्या हाताने टोपलीवरचं शेवाळ नीट करत चालले, कारण एका कोपऱ्यात चाळणीतून आलेला बाजारातल्या कागदाचा कपटा दिसत होता, आणि तो बिरुताला दिसून चालणार नव्हता.